पोलिसांविषयी तरुण पोरांना काय वाटतं? नागपूर आणि बाकीचं जग

वैनगंगा (धागाकर्ती)

२७ जून २०२३ ला पॅरिसजवळच्या नाँतेरमध्ये नाहेल नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला वाहतूक तपासणीत पोलिसाने गोळी घातली. मुलाने गाडी अंगावर आणली म्हणून गोळी झाडली, असं आधी सांगितलं गेलं. मग रस्त्यावरच्या कुणीतरी घेतलेला व्हिडिओ बाहेर आला आणि ते सांगणं टिकलं नाही. त्यानंतर कित्येक रात्री फ्रान्सची शहरं पेटत होती.

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. ही घटना वर्गात चर्चेला घेतली तेव्हा 'पोलीस असं कसं करू शकतात?' असं एकाही मुलाने विचारलं नाही. त्यांना नवल वाटलं ते लोक रस्त्यावर उतरल्याचं.

मग मी मुलांना नाव न घालता कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगितली. पोलिसांशी शेवटचं बोलणं कधी आणि कशावरून झालं? आणि रात्री-बेरात्री अडचणीत सापडलात तर पहिला फोन कुणाला कराल? पहिल्या प्रश्नावर मुलांची उत्तरं जवळपास एकच: चौक, हेल्मेट, ट्रिपल सीट, चालान. मुलींपैकी बऱ्याच जणींनी लिहिलं, 'कधीच नाही.' दुसऱ्या प्रश्नावर भाऊ, मामा, मित्र, 'पप्पांच्या ओळखीचे नगरसेवक'. पोलिसांच्या मदतीचा ११२ हा आकडा अगदी मोजक्या कागदांवर होता. आणि त्याच गठ्ठ्यात काही मुलांनी, कुणी विचारलेलं नसताना, तळाशी लिहिलं होतं: 'मला पोलीस भरतीत जायचं आहे.'

भीती, अविश्वास आणि तीच वर्दी अंगावर घालायची ओढ, हे सगळं एकाच वर्गात. बाहेर राहणाऱ्यांनी तिथल्या पोरांचं सांगावं आणि इथल्यांनी इथलं. एक विनंती: कुठल्या ठाण्याचं, अधिकाऱ्याचं नाव लिहू नका. मला कुणाचीही तक्रार करायची नाही, पोरांच्या डोक्यात काय आहे ते समजून घ्यायचं आहे.

इतवारीकर

मॅडम, धाक असायलाच पाहिजे. फुटाळा तलावावर रात्री पोट्टे गाड्या कशा उडवतात ते एकदा जाऊन बघा. पोलिसांची गाडी दिसली की सगळे ओळीत येतात. प्रेमाने सांगून कोण ऐकतं? आम्ही महालात लहानाचे मोठे झालो. गल्लीच्या तोंडाशी हवालदार दिसला तरी घरात पळायचो, आणि त्याने आमचं काही वाकडं झालं नाही. फ्रान्सचे प्रश्न वेगळे आहेत, वंशाचे आहेत. आपल्याकडे पोलीस आपल्यातलेच.

लीड्सची लकडगंजकर

काका, 'पोलीस आपल्यातलेच' हे इंग्लंडमध्ये १८२९ पासून सांगतात. रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभं केलं तेव्हापासूनचा विचार हाच की लोकांच्या संमतीशिवाय पोलिसांना काम करता येत नाही. आजही इथल्या बहुतेक पोलिसांजवळ बंदूक नसते.

तरीही पोरांचं मत एकसारखं नाही. माझा मुलगा आणि त्याचा एक मित्र शाळेतून येताना पोलिसांनी अडवले, झडती घेतली. मित्राचे आईवडील घानाचे. झडती घेणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, कुठल्या ठाण्याचा ते सांगितलं, कशाचा संशय आहे, काय शोधतोय आणि कुठल्या कायद्याखाली, तेही सांगितलं. झडतीच्या नोंदीचा कागद मागायचा हक्क आहे, हेही सांगितलं. मुलाने तो कागद घरी आणून मला दाखवला. त्याच्यासाठी ती नवलाई होती. मित्राला मात्र हे सगळं तोंडपाठ होतं, पोलीस विचारायच्या आधीच त्याने हात वर केले होते. कृष्णवर्णीय पोरांची झडती गोऱ्यांच्या कितीतरी पट जास्त होते, हे इथल्या सरकारी आकडेवारीतच दर वर्षी छापून येतं. १९९४ च्या कायद्यातल्या कलम ६० खाली ठरावीक भागात, ठरावीक वेळेपुरती, संशयाचं कारण नसतानाही झडती घेता येते. म्हणजे सभ्यपणे बोलणारा पोलीससुद्धा त्या मुलाला पुन्हा पुन्हा भेटतो, आणि मुलाला कळतं की त्याच्या चेहऱ्यामुळे भेटतोय.

मुलींचं वेगळं. २०२१ मध्ये लंडनमध्ये सेवेत असलेल्या एका पोलिसाने ओळखपत्र दाखवून एका तरुणीला गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. त्यानंतर पोलिसांनीच सल्ला दिला की एकटा पोलीस थांबवत असेल आणि शंका आली तर जाणारी बस हात दाखवून थांबवा. हा सल्ला ऐकून माझ्या ओळखीच्या मुली जितक्या चिडल्या तितक्या त्या खुनाच्या बातमीनेही चिडल्या नव्हत्या. २०२३ मध्ये केसी अहवाल आला. लंडनच्या पोलीस दलात वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष संस्थेतच मुरलेला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. वंशद्वेषाबद्दल १९९९ च्या मॅकफर्सन अहवालातही हेच होतं. मधली २४ वर्षं गेली कुठे, हा इथल्या पोरांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

टाकळीलाईन

मी पोलीस लाईनीत वाढलो, म्हणून दुसरी बाजू. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. मारबतीची मिरवणूक, गणपती, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरची लाखोंची गर्दी, मग डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत वडील घरी येऊन गेले हे आम्हाला दाराशी वाळत घातलेल्या मोज्यांवरून कळायचं. २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांचा देशभरातल्या पोलिसांवरचा अहवाल आला होता. पोलीस सरासरी दिवसाला १४ तास काम करतात, असं त्यात निघालं. आमच्या घरात ते वाचून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

अधिवेशनात विधानभवनाकडच्या रस्त्यावर भल्या पहाटे शिपाई उभा केला की तो संध्याकाळपर्यंत तिथेच. पाणी कमी पितात, कारण जायला जागा नाही. महिला शिपायांचे तर फारच हाल. अशा माणसासमोर तुमचा अकरावीचा मुलगा ट्रिपल सीट येतो. दोघांची पहिली ओळख तिथे होते. पुढे आयुष्यभर तो मुलगा पोलीस म्हटलं की तोच चेहरा आठवतो.

फिनलंडमध्ये पोलीस व्हायला ताम्पेरेच्या पोलीस महाविद्यालयात तीन वर्षांची पदवी घ्यावी लागते. नॉर्वेतही तीन वर्षं. आपला शिपाई काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर चौकात उभा. त्यातही कवायत किती आणि माणसांशी बोलायचं कसं याचे तास किती, हे लाईनीतल्या कुणालाही विचारा.

पण एक लिहितोच. वडिलांनी कधी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. मात्र लाईनीत संध्याकाळच्या गप्पांत 'त्याला प्रसाद दिला' म्हटलं की सगळे हसायचे, आम्ही पोरंसुद्धा. आज ते आठवलं की कसंतरी होतं.

जरीपटक्याची

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा मोबाईल सिटी बसमध्ये पर्समधून काढून घेतला. चेन उघडी, फोन गायब, बाकी सगळं जागेवर. ठाण्यात गेले. काउंटरवरच्या साहेबांनी आधी विचारलं, सोबत कोण आहे? कोणीच नाही म्हटलं तर म्हणाले, घरच्या कुणाला घेऊन ये. मी तिथेच बसून राहिले तेव्हा कागद दिला. मी लिहिलं, 'माझा मोबाईल चोरीला गेला.' त्यांनी वाचलं, कागद परत केला. 'चोरीला नाही, गहाळ झाला असं लिही. चोरी लिहिशील तर कोर्टाच्या चकरा मारशील.' मी खोडून लिहिलं. त्याच्यावर शिक्का मारून दिला. सिमकार्ड नवीन मिळालं, फोनचा आयएमईआय पण ब्लॉक केला. फोनचं काही झालं नाही.

ते माझ्याशी वाईट बोलले नाहीत, हे खरं सांगते. चहा पण विचारला. पण मी बाहेर आले तेव्हा मला वाटलं की माझ्यासोबत जे झालं तेच मी माझ्या हाताने खोडून आले. आता कुणी मैत्रीण म्हणाली की ठाण्यात जाऊ का, तर मी काय सांगू?

भरतीवाला उमरेड

नमस्कार मॅडम. मी भरतीची तयारी करून रायलो. बारावी झाली, आता रविनगरच्या मैदानावर सकाळी पळतो. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मैदानाचे ५० मार्क, मंग लेखी १००. आमच्या ग्रुपमंदी कास्तकाराचे पोट्टे हायेत, ऑटोवाल्याचे हायेत. एक पोरगी हाय, ते आठशे मीटरमंदी आमाले लाजवते.

तुमी लिवलं का पोरायले पोलिसाची भीती वाटते अन् पोलीस बी व्हाचं असते, हे कसं. मी सांगतो ना. मी सातवीत होतो तवा वावराच्या धुऱ्याचं भांडण झालं. माह्या बापाले ठाण्यात नेऊन दिवसभर बसवून ठेवलं. लिवून काहीच नाही घेतलं, संध्याकाळी जा म्हटलं. बाप घरी आला, हातपाय धुतले अन् न जेवता झोपला. तवाच डोक्यात बसलं का वर्दी पायजे. वर्दी घरात असली का आपल्या माणसाले कोणी असं बसवून ठेवत नाही. आता लेखीसाठी कायद्याचं वाचतो तर समजून रायलं का लिवल्याबिगर दिवसभर बसवताच येत नाही. पण हे बापाले कोण सांगन?

न्यूजर्सीकर

आमच्या मुलाला लायसन्स मिळालं त्या दिवशी गाडीच्या किल्ल्या द्यायच्या आधी त्याच्या वडिलांनी त्याला बसवून सांगितलं: पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टीअरिंगवर, खिशाकडे हात न्यायचा नाही, कागद काढायचा तर आधी विचारायचं. अमेरिकेतली कृष्णवर्णीय घरं हे पिढ्यान् पिढ्या आपल्या मुलांना शिकवत आलीत. आम्ही ते त्यांच्याकडून शिकलो.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ती प्रकृतीची तक्रार होती. खरं काय ते कळलं १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर केलेल्या चित्रणामुळे. त्या वर्षी गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत पोलिसांवर भरवसा असणारे ४८ टक्के निघाले. ती पाहणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आकडा निम्म्याच्या खाली गेला. तरुणांमध्ये हा भरवसा थोरांपेक्षा कमीच असतो.

आणि भरतीवाला, तुझं वाचून गलबललं. इथे त्यानंतर कितीतरी शहरांत पोलिसांच्या जागा भरायला उमेदवार मिळेनात. ज्या वस्त्यांना पोलिसांचा जाच, तिथली पोरं त्या नोकरीकडे फिरकत नाहीत. आपल्याकडे जाच झालेल्या घरातलाच मुलगा पहाटे उठून त्यासाठी पळतो आहे.

इतवारीकर

पळतो कारण सरकारी नोकरी आहे. त्यात एवढं काय?

भरतीवाला उमरेड

काका, नोकरी तर हायच. पण तलाठ्याची बी सरकारीच असते. तिच्यासाठी मी असा पळलो नसतो.

ओसाकातून

जपानबद्दल थोडं. इथे चौकाचौकांत कोबान म्हणून छोटी पोलीस चौकी असते, देशभरात सहा हजारांच्या आसपास. एखाद-दोन पोलीस, टेबल, भिंतीवर गल्लीचा नकाशा. लोक पत्ता विचारायला जातात, छत्री सापडली तर नेऊन देतात. शाळकरी पोरं रस्त्यात सापडलेलं नाणं घेऊन जातात आणि पोलीस त्याची रीतसर नोंद करतो. वस्तूचा मालक सापडला तर आणून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, तसा कायदाच आहे. म्हणजे इथल्या मुलाची पोलिसाशी पहिली भेट होते तेव्हा मूल काहीतरी चांगलं करून आलेलं असतं. इतवारीकर काका, इथे गुन्हे कमी आहेत आणि पोलीस दिसल्यावर पोरं घरात पळत नाहीत.

पण जपान म्हणजे सगळं आदर्श, असं कुणी समजू नये. एकदा संशयित ठरलात की आरोप ठेवायच्या आधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, आणि चौकशीच्या खोलीत वकील सोबत बसत नाही. कोबानवर हसतमुखाने पत्ता सांगणारी आणि बंद खोलीत कबुलीसाठी दिवस दिवस बसवणारी यंत्रणा एकच आहे. ज्यांचा संबंध फक्त पहिल्या चेहऱ्याशी येतो ते खूश असतात. असे लोक बहुसंख्य, म्हणून सर्वेक्षणात विश्वास जास्त दिसतो.

वैनगंगा

ओसाकातून, हे शेवटचं फार महत्त्वाचं. विश्वासाचा आकडा नुसता बघून उपयोग नाही, कुणाची गाठ कुठल्या चेहऱ्याशी पडली ते बघायला हवं. युरोपातलं कुणी आहे का? फ्रान्सच्या शेजारी राहणारं?

कोलोनवासी

आहे. आणि नेमकं याच विषयावर सांगण्यासारखं आहे. ओबरविटलर आणि रोशे या दोन अभ्यासकांनी जर्मनीतल्या कोलोन व मानहाइम आणि फ्रान्समधल्या ल्यों व ग्रेनोबल, अशा चार शहरांत शाळांमधल्या हजारो मुलांना एकच प्रश्नावली दिली. पोलीस तुम्हाला किती वेळा अडवतात, कसे बोलतात, तुमचा त्यांच्यावर भरवसा किती. दोन्ही देशांत बाहेरून आलेल्या घरांतली मुलं भरपूर: इथे तुर्की, तिथे उत्तर आफ्रिकेतली.

फ्रान्समध्ये उत्तर आफ्रिकी वंशाच्या मुलांना पोलीस इतरांपेक्षा कितीतरी जास्त अडवतात आणि त्यांचा विश्वासही तसाच खाली गेलेला. जर्मनीत तुर्की घरांतल्या मुलांच्या बाबतीत तसा मोठा फरक सापडला नाही. गरिबी दोन्हीकडे आहे, परकेपण दोन्हीकडे आहे, वय तेच. फरक पोलिसांच्या वागण्याच्या पद्धतीत आहे. म्हणजे 'त्या पोरांची संस्कृतीच तशी' ही सबब चालत नाही.

फ्रान्समधल्या मानवी हक्कांच्या सरकारी लोकपालाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुणांना ओळखपत्रासाठी अडवलं जाण्याची शक्यता इतरांच्या २० पट निघाली. २००५ मध्ये क्लिशी-सू-ब्वामध्ये दोन मुलं, एक १७ वर्षांचा, एक १५ चा, पोलिसांपासून पळताना विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. त्यावरून तीन आठवडे दंगली चालल्या. वस्तीत राहून काम करणारे पोलीस ही योजना फ्रान्सने त्याच्या आधीच गुंडाळली होती. नाहेलची घटना त्यानंतर १८ वर्षांनी घडली.

सिव्हिल लाईन्सचा वकील

इतवारीकर साहेब म्हणाले की वंशाचे प्रश्न तिकडचे. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. जन्मानेच गुन्हेगार ठरवून माणसांची हजेरी घ्यायचे. १९५२ मध्ये तो रद्द झाला. पण विदर्भात कुठे घरफोडी झाली की आजही पहिली गाडी पारध्यांच्या कुठल्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते, हे फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा. पारधी समाजातल्या विशीतल्या मुलाचं पोलिसांविषयीचं मत आणि धरमपेठेतल्या मुलाचं मत यांतलं अंतर पॅरिसपेक्षा कमी नाही. ते कुणी शाळेत प्रश्नावली देऊन मोजलेलं नाही, इतकंच.

बाकी नागपूरच्या माणसाने दोन-तीन गोष्टी विसरू नयेत. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींना आपल्या इथल्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ माणसं चेंगरून मेली. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, पण पुलावरून रोज जाणाऱ्या पोरांना ते का आहे ते ठाऊक नसतं. आणि १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी एका गुंडाला भर न्यायालयात मारलं. तक्रारी करूनही कुणी ऐकत नाही, असं त्या बायकांचं म्हणणं होतं. ठाण्याचं दार बंद आहे असं वस्तीला वाटलं की काय होतं, ते या शहराने पाहिलेलं आहे.

मेडिकल चौक

बांगलादेशचं कुणी लिहिलं नाही. २०१८ मध्ये ढाक्यात बसखाली दोन विद्यार्थी गेले तेव्हा शाळेच्या गणवेशातली पोरं रस्त्यावर उभी राहून गाड्यांचे कागद तपासत होती, पोलिसांच्या गाड्यांचेसुद्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पडल्यावर पोलीस ठाणी जळाली, पोलीस ड्युटीवर येईनात आणि वाहतूक पुन्हा विद्यार्थ्यांनीच सांभाळली.

तिबिलिसीची डॉक्टर

मी एमबीबीएस जॉर्जियात केलं. तिथल्या थोरांकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं: २००४ मध्ये नव्या सरकारने वाहतूक पोलीस दलच बरखास्त केलं, हजारोंना घरी पाठवलं. चिरीमिरीशिवाय गाडी पुढे जात नव्हती म्हणून. नव्याने तरुण मुलं-मुली भरती केली, पगार वाढवले आणि ठाणी काचेची बांधली, रस्त्यावरून आतलं दिसावं म्हणून. मी रात्री ड्युटीवरून परतताना अशा एका ठाण्यासमोरून चालत जायचे. आत कोण बसलंय, कोण बोलतंय, सगळं दिसायचं. एकदा पासपोर्टची पिशवी टॅक्सीत राहिली तेव्हा सरळ आत गेले. भाषा धड येत नव्हती, तरी पाय अडखळला नाही.

पण २०२४ च्या शेवटी त्याच शहरात सरकारविरोधी निदर्शनांत पोलिसांनी तरुणांना बेदम मारलं. माझे तिथले वर्गमित्र आता त्या काचेच्या इमारतींकडे बघतसुद्धा नाहीत. वीस वर्षांत कमावलेलं काही आठवड्यांत गेलं.

वैनगंगा

सगळं दोनदा वाचलं. मला जे दिसतंय ते लिहिते.

लंडन, पॅरिस, मिनियापोलिस इथल्या पोरांची तक्रार आहे, 'मला का अडवलं?' नायजेरियातही तेच. २०२० मध्ये तिथली तरुण पिढी 'सार्स' नावाच्या पोलीस पथकाविरुद्ध उभी राहिली, कारण हातात चांगला फोन किंवा लॅपटॉप दिसला की त्यांना अडवून लुबाडलं जायचं. पोलीस त्यांच्यापर्यंत येतो, नको तितका येतो. वकील साहेबांनी सांगितलं तसं आपल्याकडच्या काही वस्त्यांचंही हेच आहे.

पण माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचं दुखणं दुसरं आहे. पोलीस त्यांच्याकडे चालानापुरता येतो. त्यांना पोलिसाकडे जाता येत नाही. ठाण्याची पायरी चढायला सोबत माणूस लागतो, तोही ओळखीचा. 'सोबत कोण आहे?' हा काउंटरवरचा प्रश्न जरीपटक्याच्या मुलीला आधी ऐकू आला, 'काय झालं?' हा नंतर. इंग्लंडमधल्या मुलाकडे निदान झडतीचा कागद आहे. उमरेडच्या त्या वडिलांचा दिवस कुठल्याच कागदावर नाही. म्हणून मुलाला वाटतं, ओळख विकत घेता येत नसेल तर आपणच ती व्हावं. वर्दीची ही ओढ मी आजवर देशसेवेच्या निबंधांतून वाचत आले, तिच्यामागे हे असेल तर शिक्षक म्हणून मला गप्प बसवत नाही.

आणि इतवारीकर काका, धाकाबद्दल तुमच्याशी माझा खरोखर मतभेद आहे. फुटाळ्यावरची पोरं गाडी दिसेपर्यंतच ओळीत असतात. टॉम टायलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने शिकागोतल्या लोकांना विचारून हे मांडलं की माणूस कायदा पाळतो तो मुख्यतः शिक्षेच्या भीतीने नाही, तर आपल्याशी न्यायाने वागलं जातं असं वाटत असेल तर. दंड झाला तरी ऐकून घेतलं, कारण सांगितलं, अपमान केला नाही, तर त्याच पोलिसाबद्दल मत चांगलं राहतं. माझ्या मुलांच्या कागदांवरही चालानाचे पैसे गेल्याचा राग फार नव्हता. 'गाडीची चावी काढून घेतली', 'सगळ्यांसमोर शिवी दिली', 'बाप काय करतो विचारलं', हा राग होता.

इतवारीकर

बाप काय करतो हे विचारणं मलाही पटत नाही. चूक पोराची, बापाचं काय? पण मॅडम, धाक अगदीच गेला तर गुंडांचं फावेल, हेही लिहा.

टाकळीलाईन

काका, गुंडाला धाक नसतो हो. तो ठाण्यात चहा पिऊन जातो. धाक तुमच्या-माझ्या पोरांना.

आणि चांगलं झालंय तेही लिहितो. नागपुरात २०१७ मध्ये भरोसा सेल सुरू झाला, अडचणीतल्या बायकांना समुपदेशक, कायद्याची मदत, वैद्यकीय मदत एका जागी. ठाण्याच्या काउंटरसमोर उभं राहावं लागत नाही, म्हणून तिथे बाया जातात. केरळने २०१० मध्ये शाळांत स्टुडंट पोलीस कॅडेट सुरू केलं, २०१८ पासून ते देशभर आहे. आठवी-नववीची मुलं ठाणं आतून बघतात. ही सहल म्हणून उरकली तर उपयोग शून्य. पण ड्युटी अंमलदाराशेजारी तासभर बसून तक्रार कशी लिहून घेतात ते पाहिलं तर त्या मुलाचा पाय पुढे अडखळणार नाही.

भरतीवाला उमरेड

वकील साहेब, एक विचारू का? मले पुढं शिपाई झालो तर कामाचं पडन. पोराटोरायच्या बाबतीत पोलिसाले काय काय करता येत नाही?

सिव्हिल लाईन्सचा वकील

असं विचारणारा शिपाई मला हवा आहे. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाशी त्याने बोलायचं, शक्यतो साध्या कपड्यांत. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी जायचं. अटक केली तर मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला निरोप. हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून आहे. ठाण्यात कॅमेरे हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. 'बसवून ठेवणं' असा प्रकार कायद्यात नाही. तुमच्या वडिलांना हे नक्की सांगा, आता तुम्हीच सांगू शकता.

आणि जरीपटक्याच्या ताई, तुमचा फोन पाच हजारांच्या वरचा असेल तर चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि एफआयआर घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिताकुमारी निकालात हे स्पष्ट आहे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. नवा अर्ज लिहा. बस कुठली, कुठून कुठे, पर्सची चेन उघडलेली होती, आधीचा अर्ज 'गहाळ' असा कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, तेवढं साध्या शब्दांत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागा. नाही म्हणाले तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी आहेत.

टाकळीलाईन

ताई, मी येतो सोबत. त्या भागातले दोघे-तिघे वडिलांच्या हाताखालचे आहेत. दहा मिनिटांत होईल.

जरीपटक्याची

दादा, मनापासून आभार. पण तुम्ही आलात तर ते तुमच्या ओळखीने होईल. मला एकदा बिनओळखीचं जाऊन बघायचं आहे. अर्ज लिहिला आहे, दोन प्रती काढल्या आहेत, आधीच्या अर्जाची शिक्क्याची झेरॉक्स जोडली आहे. सोमवारी कॉलेज सुटलं की जाते.